गोडं पाणी चुलीवर संपत नाही

तुम्ही विचारलंय की मित्रांबरोबर शिडाच्या बोटीने चार दिवस समुद्रात जाताना गोडं पाणी वाचवायला खारं पाणी स्वयंपाकात चालेल का. चालतं. भाताला तीन भाग गोडं, एक भाग खारं, वरून मीठ नाही. अंडी, सालासकट बटाटे, कोळंबी निव्वळ खाऱ्यात उकडा. डाळ मात्र गोड्यातच, खाऱ्यात दाणा दडदडीत राहतो.

पण पाणी रांधण्यात संपत नाही हो! मी बेलापूरजवळच्या दिवाळ्याचा. उरणजवळच्या करंजाच्या एका मासेमारी बोटीवर नऊ वर्षं भंडारी, म्हणजे रांधणारा, होतो. सात माणसं, आठ दिवसांची फेरी, दोनशे लिटरची दोन पिंपं. एका फेरीला सहाव्या दिवशीच दोन्ही तळाला. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सगळ्या खलाशांदेखत बोलला, "भंडाऱ्यानं रांधण्यात उडवलं." बोट अर्ध्यातून परत फिरली, बर्फ फुकट गेला, माझा कमाईतला वाटा कापला. माणूस बापाच्या वयाचा, मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या फेरीला पिंपाला आतून खुणा केल्या आणि रोज मोजलं. पहिल्या दिवशी पिण्याला अठ्ठावीस लिटर, रांधायला आठ आणि धुण्याला पंचवीस! तांदूळ, मासळी, ताटं, हातपाय, सगळं गोड्यात. त्या दिवसापासून मासळी खाऱ्यात साफ केली (गोड्यात ती लिबलिबीतही होते), ताटं खाऱ्यात घासली, शेवटी तांब्याभर गोडं फिरवलं. आठव्या दिवशी बंदराला लागलो तेव्हा पिंपात पाणी होतं. तांडेलाने वाकून पाहिलं, बोलला काही नाही. कापलेला वाटाही दिला नाही. त्याचा मुलगा अजून सगळ्यांना सांगतो की भंडारी उधळ्या होता. म्हणून सांगतो, तुमच्यात जो रांधेल त्याच्यावर पाण्याचा आळ घेऊ नका, आधी मोजा.

भांड्यांना लिक्विड डिटर्जंट न्या, साधा साबण खाऱ्यात फेस धरत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर नको, मिठाने खड्डे पडतात. कुणाला बीपी असेल तर त्याचा भात वेगळा, गोड्यातलाच.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही ठाण्याचे, खाडीतून निघाल तर तिथे बादली टाकू नका, बंदरातही नाही. सांडपाणी, तेल, कारखान्यांचं पाणी, सगळं त्यात आहे. उकळून जंतू मरतात, तेल आणि रसायनं तशीच राहतात. आम्ही अलिबागजवळचं खांदेरी बेट मागे पडल्याशिवाय रांधायला पाणी काढत नव्हतो.