पहिल्याच कार्डावर लढत मिळतेय, पोराला पाठवू का?

पत्र: मुलगा २१ वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आठ वर्षं तालमीत, मॅटवर राज्य पातळीपर्यंत खेळलाय. वर्षभर पुण्याच्या एका जिममध्ये एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत) शिकतोय, पण अजून एकही लढत खेळलेला नाही. आता फोन आलाय: एक नवी परदेशी कंपनी आशियातला आपला पहिला कार्यक्रम तीन आठवड्यांनी बँकॉकला करतेय. वजन ६५.८ किलो, लढल्याचे ८०० डॉलर, जिंकल्यास आणखी ८००, चार लढतींचा करार. पोराचं एरवीचं वजन ७५. तो म्हणतो, अशी संधी पुन्हा येणार नाही. होकार द्यावा का?
– एक पालक, जि. सांगली

उत्तर: या तारखेला आणि या वजनात नको. पण कंपनीला तोडून बोलू नका, त्यांच्याकडे पुढची तारीख मागा.

आधी हा फोन का आला ते समजून घ्या. एका कार्डावर, म्हणजे एका कार्यक्रमाच्या यादीत, दहा-बारा लढती असतात आणि शेवटच्या महिन्यात दुखापतीने एखाद-दुसरा पैलवान गळतोच. नव्या कंपनीकडे बदली खेळाडूंची फळी नसते. मग लढती जुळवणारा माणूस जिमजिमला फोन लावतो. समोर बहुतेकदा कंपनीला पुढे आणायचा असलेला खेळाडू असतो. म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नको, समोर कोण आहे याचा हवा. नाव मिळालं की टॅपॉलॉजी किंवा शेरडॉग या संकेतस्थळांवर त्याच्या लढती बघा. सहा-सात जिंकलेला असेल तर ही जोड बरोबरीची नाही. गावच्या मैदानात अशी जोड वस्तादाने लावूच दिली नसती.

वजनाचं गणित सरळ आहे. ७५ वरून ६५.८ म्हणजे ९.२ किलो, शरीराच्या १२ टक्क्यांहून जास्त. ‘कुस्तीत तोडतोच की’ असं तो म्हणेल. पण मॅटवर वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं, म्हणून तिथे बेताने तोडतात. एमएमएत ते बहुधा आदल्या दिवशी होतं. हातात चोवीस तास आहेत म्हटल्यावर पोरं अंगातलं पाणी भलतंच काढतात. शिवाय इथे डोक्यावर मार बसतो, आणि पाणी उतरलेल्या अंगाला तो जास्त धोक्याचा. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिप या एमएमए कंपनीच्या लढतीआधी यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू वजन उतरवताना गेला. त्यानंतर अंगातलं पाणी उतरलंय का हे कळावं म्हणून त्या कंपनीने लघवीची घनता तपासायला सुरुवात केली, १.०२५ च्या वर गेली तर नापास. तुमच्या मुलासाठी ७०.३ किलोचा गट ठीक, तोही आठ आठवडे हाताशी असतील तर. अर्ध्याहून जास्त वजन खुराक आवरून जावं, अंगातलं पाणी काढून शेवटचे दोन किलोच उतरवावेत. लघवी वाढवायच्या गोळ्या किंवा जुलाब कुणी सुचवले तर त्या माणसाला दूर ठेवा.

आता खेळाकडे. कुस्तीगीर एमएमएत हरतो तो बऱ्याचदा त्याच्या उत्तम सवयींमुळेच. दुहेरी पट काढताना, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडताना, डोकं खाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या कमरेबाहेर गेलं की मान आयतीच त्याच्या बगलेत जाते, आणि तो गिलोटिन लावतो, म्हणजे हाताने गळा आवळतो. यूएफसी या बड्या अमेरिकी एमएमए कंपनीने चीनच्या मुख्य भूमीवर पहिला कार्यक्रम २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये केला, त्यात आपला भरत खंडारे होता, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय. मूळचा कुस्तीगीर, गाठीला व्यावसायिक लढतीही होत्या. सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिनवर संपवलं. पट काढताना नजर वर, कान बरगडीला चिकटलेला, आणि खाली पाडल्यावर अडकलेल्या मानेच्या उलट बाजूला उतरायचं. हे महिनोन् महिने घोटावं लागतं.

दुसरी सवय याहून हट्टी. चितपट होऊ नये म्हणून आपला पैलवान झटकन पालथा होतो. कुस्तीत ते शहाणपण, इथे समोरच्याला पाठ देणं. तो पायांची आकडी घालतो, हनुवटीखालून हात सरकवतो आणि पाच-दहा सेकंदांत डोळ्यांपुढे अंधार. पाठीवर पडून लढायला, तिथून पिंजऱ्याच्या जाळीचा आधार घेत उठायला शिकणं हे त्याचं खरं काम. आणि थाप मारायला शिकणं. शड्डू ठोकून वाढलेल्या हाताला हार कबूल करणारी थाप जड जाते. अशी पोरं मान सोडवण्याआधी बेशुद्ध होतात.

यासाठी आधी हौशी लढती हव्यात. आंतरराष्ट्रीय हौशी नियमांत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, नडगीला पॅड, कोपराचे फटके बंद. व्यावसायिक लढतीत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, कोपर चालू. अशा चार-पाच हौशी लढती झाल्याशिवाय व्यावसायिक कागदावर सही नको.

करार मराठीत समजावून सांगणारा वकील गाठा, जिमवाल्याच्या भरवशावर राहू नका. चार लढतींच्या करारात बहुधा ‘दुसरीकडे खेळायचं नाही’ हे कलम असतं. पण कंपनीचा दुसरा कार्यक्रमच झाला नाही तर? मुंबईत मार्च २०१२ ला सुपर फाइट लीग ही एमएमए स्पर्धा दणक्यात सुरू झाली, बॉब सॅप विरुद्ध जेम्स थॉम्पसन ही मुख्य लढत. अशा दणक्यावरून पुढचं काही कळत नाही. सहा महिन्यांत लढत दिली नाही तर खेळाडू मोकळा, हे वाक्य घालून घ्या. विमा फक्त पिंजऱ्यातल्या दुखापतीला आहे की नंतरच्या शस्त्रक्रियेलाही, आणि किती रकमेपर्यंत, ते आकड्यात मागा. पंच कोण नेमतं, जाळीशेजारी डॉक्टर आणि बाहेर रुग्णवाहिका आहे का, हेही. व्हिसा लढतीसाठी चालणाराच हवा, ‘फिरायला जातोय सांग’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

८०० डॉलरमधून व्यवस्थापकाचा आणि जिमचा वाटा, एचआयव्ही व हेपॅटायटिस बी-सीच्या रक्ततपासण्या, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय हे वजा करा. कोपऱ्यात बसणाऱ्या प्रशिक्षकाचं तिकीट कंपनी देत नसेल तर हातात काहीच उरत नाही.

बी.ए. पुरी होऊ द्या आणि मॅटवरची कुस्ती सोडू देऊ नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मिळतं, खासगी कंपनीच्या लढतीवर नाही.

जिममार्फत एवढाच निरोप पाठवा: ‘७०.३ किलो, किमान आठ आठवड्यांची पूर्वसूचना आणि बरोबरीचा प्रतिस्पर्धी असेल तर पुढच्या वर्षीच्या कार्डासाठी तयार आहोत. कराराचा मसुदा आधी पाठवा.’ मसुदा यायच्या आत पासपोर्टची मूळ प्रत कुणाकडे देऊ नका.