बाइंडिंग कापल्यानंतर उरणारा जोड : गिटारच्या लायनिंगविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : बगलेची पट्टी दोन मिलिमीटर जाडीची असते आणि आजचे गोंद लाकडापेक्षाही बळकट असतात. मग वरची फळी थेट बगलेच्या काठावर चिकटवून लायनिंग (फळी आणि बगल यांच्या कोपऱ्यात आतून बसवलेली लाकडी पट्टी) वगळता येणार नाही का?

गोंद कितीही बळकट असला तरी त्याला धरायला जागा लागते, आणि दोन मिलिमीटरची कड ही जागा म्हणून फारच अपुरी आहे. मात्र खरे कारण याच्याही पुढचे आहे. पेटी बंद झाल्यावर बाइंडिंगसाठी, म्हणजे बाहेरच्या कडेवर बसवायच्या पट्टीसाठी, राऊटरने (खाचा कोरणाऱ्या यंत्राने) कडेला खाच पाडावी लागते. बाइंडिंग दीड ते दोन मिलिमीटर जाड असते आणि त्याला लागून आतल्या बाजूला शोभेची पट्टी असेल, तर फळीमध्ये खाच आणखी आत शिरते. म्हणजे बगलेची जी कड आपण एवढ्या काळजीने चिकटवली, तीच जवळजवळ पूर्ण कापली जाते. त्यानंतर फळी आणि बगल यांना एकत्र धरून ठेवणारे लाकूड एकच उरते, ते म्हणजे लायनिंग. सहा मिलिमीटर रुंदीचे लायनिंग आणि दोन मिलिमीटरची बगल मिळून आठ मिलिमीटरचा जोड होतो. त्यातले दोन मिलिमीटर बाइंडिंग घेते आणि उरलेल्या सहांवर तारांचा सगळा ताण वर्षानुवर्षे तोलला जातो. लायनिंगकडे कोपरा भरून काढणारी पट्टी म्हणून पाहणारे कारागीर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर थोडीथोडी सूट घेत जातात, म्हणून हा हिशेब सुरुवातीलाच मांडला.

प्रश्न : लायनिंग काठापासून किती वर ठेवावे? मी ते बगलेच्या काठाशी अगदी सपाट बसवले होते. पाठ चिकटल्यावर आरशातून पाहिले, तर आतल्या कडेला केसाएवढी फट दिसते.

ही फट अपघाताने आलेली नाही, ती भूमितीने आलेली आहे. गिटारची पाठ सपाट नसते, तिला मधोमध हलका फुगवटा असतो. बरेच कारागीर पाठीसाठी सुमारे साडेचार मीटर त्रिज्येचा आणि पुढच्या फळीसाठी साडेसात ते नऊ मीटर त्रिज्येचा गोलावा घेतात. मध्यापासून 200 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे खालच्या फुगीर भागाच्या काठाशी, साडेचार मीटरच्या गोलाव्याचा उतार साधारण 0.044 येतो. आठ मिलिमीटरच्या जोडावर हा उतार लावला, तर जोडाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा सुमारे 0.35 मिलिमीटर उंच असायला हवी. लायनिंग काठाशी सपाट बसवल्यास ही उंची आणायला तिथे लाकूडच नसते. मग पाठ केवळ बाहेरच्या कडेवर टेकते, आणि नेमकी तीच कड पुढे बाइंडिंगच्या खाचेत निघून जाते.

दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेल्या एका गिटारची पाठ खालच्या भागात सुटली होती. ती उचलली तेव्हा लायनिंगवरचा गोंद काचेसारखा चकचकीत दिसत होता आणि त्याखालचे करवतीचे ओरखडे जसेच्या तसे होते. त्या गोंदाला पाठीचा कधी स्पर्शच झाला नव्हता. बनवणाऱ्याने गोंद भरपूर घातला होता, पण दोन लाकडे भेटलीच नव्हती.

म्हणून लायनिंग काठापासून अर्धा ते एक मिलिमीटर वर ठेवावे आणि नंतर गोलावा असलेल्या तबकडीवर सँडपेपर चिकटवून संपूर्ण काठ एकत्र घासावा. घासण्यापूर्वी बगलेच्या कडेवर आणि लायनिंगवर पेन्सिलीने आडव्या रेघा माराव्यात आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत थांबू नये. कंबरेजवळ मध्यापासूनचे अंतर कमी असल्याने उतारही कमी असतो, त्यामुळे तिथल्या रेघा वेगळ्या वेळी पुसल्या जातात. त्याने गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : खाचांचे लायनिंग (वाकावे म्हणून ओळीने खाचा पाडलेली पट्टी) घरीच करता येईल का? माझ्या पट्ट्या वाकवताना कंबरेपाशी हमखास मोडतात.

नक्कीच करता येईल, आणि एकदा तरी स्वतः करावे असे मी आग्रहाने सांगेन. महोगनी, स्पॅनिश सीडर, बासवुड किंवा विलो यांपैकी कोणतेही हलके, सरळ तंतूंचे लाकूड घ्यावे. सहा ते सात मिलिमीटर रुंद आणि पंधरा ते अठरा मिलिमीटर उंच पट्ट्या काढून, प्रत्येक पट्टीची आतली बाजू खाली निमुळती होईल अशी रंध्याने तासून घ्यावी. हे काम खाचा पाडण्यापूर्वीच करावे, कारण खाचा पाडलेल्या पट्टीवर रंधा चालवला की खाचांमधले ठोकळे उडतात. नेहमीच्या आकाराच्या गिटारची एक बगल सुमारे 800 मिलिमीटर लांब असते, म्हणून चार पट्ट्या लागतात. सहा तरी कराव्यात.

खाचांसाठी फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा कापण्याची बारीक करवत आणि लाकडी साचा एवढेच पुरते. साच्यात करवतीच्या वाटेपासून साडेपाच मिलिमीटरवर एक पातळ पत्र्याची जीभ बसवावी. पाडलेली खाच त्या जिभेवर अडकवायची आणि पुढची खाच पाडायची, म्हणजे अंतर आपोआप सारखे राहते. करवतीला अडथळा असा लावावा की खाचेच्या तळाशी एक मिलिमीटर लाकूड शिल्लक राहील. हा अखंड पापुद्राच खरी पट्टी आहे. तो दीड मिलिमीटरचा झाला तर वाकत नाही आणि अर्ध्यावर आला तर हातातच तुटतो.

आता मोडण्याविषयी. नेहमीच्या पद्धतीत पापुद्रा बगलेला चिकटतो आणि खाचा पेटीच्या आत उघडतात. बगलेच्या फुगीर भागांत त्या मिटतात, तर कंबरेपाशी फाकतात. फाकताना सगळा ताण खाचेच्या तळाशी येतो आणि तंतू तिरके असतील तर चीर तिथूनच निघते. त्यामुळे पहिला संशय लाकडावर घ्यावा. पट्टीची एक ढलपी पटाशीने फोडून पाहावी. ती पट्टीच्या लांबीला समांतर फुटली नाही, तर ते लाकूड या कामाचे नाही. लाकूड चांगले असेल, तर पापुद्र्याची बाजू ओल्या फडक्याने पुसून पट्टी गोंद न लावता बगलेच्या आकाराच्या साच्यात चिमट्यांनी अडकवून रात्रभर ठेवावी. सकाळी ती आकार धरून बसलेली असते.

कटअवे (मानेलगत पेटीचा कोपरा आत कापलेला) असलेल्या गिटारमध्ये अडचण उलटी असते. त्याच्या टोकदार शिंगात खाचा फाकत नाहीत, पुरत्या मिटतात आणि ठोकळे एकमेकांना भिडून पट्टी अडते. 40 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर साडेपाच मिलिमीटर अंतरावरची, पाच मिलिमीटर खोल खाच जवळजवळ 0.7 मिलिमीटर मिटावी लागते आणि करवतीची खाच असते 0.6 मिलिमीटरची. तेवढ्या भागात खाचा साडेतीन मिलिमीटरवर घ्याव्यात, किंवा स्पॅनिश पद्धतीच्या शास्त्रीय गिटारमध्ये पुढच्या फळीला बसवतात तसे सुटे ठोकळे एकेक करून लावावेत.

प्रश्न : चिकटवताना कपड्यांचे चिमटे पुरतात का?

पुरतात, पण त्यांच्या पुढच्या टोकांवर रबरबँडचे दोन-तीन वेढे घालून पकड वाढवावी. दर पंधरा मिलिमीटरवर एक, म्हणजे एका काठाला पन्नासच्या वर चिमटे लागतील. ते गोंद लावण्यापूर्वी मोजून जवळ ठेवावेत. गोंद पातळ लावावा. खाचांत चढलेला गोंद पूर्ण सुकू न देता, रबरासारखा झाला की टोकदार काडीने काढावा.

प्रश्न : खाचा बगलेकडे करून पट्टी उलटी लावली, तर आवाजात फरक पडतो का? आणि अखंड लायनिंग?

फरक पडतो तो प्रथम बगलेच्या ताठपणात. उलट्या पट्टीत अखंड पापुद्रा आत येतो आणि बगल, ठोकळे व पापुद्रा मिळून पोकळ तुळईसारखी रचना होते, त्यामुळे काठ लक्षणीय घट्ट होतो. पातळ पट्ट्या एकावर एक वाकवून चिकटवलेले अखंड लायनिंग याहूनही ताठ असते. ताठ काठ फळीची ऊर्जा स्वतःकडे कमी ओढतो, या युक्तिवादात मला तथ्य वाटते. तरीही पहिल्या दोन-तीन गिटार साध्या पद्धतीनेच कराव्यात, कारण अखंड पट्टीचा आकार बगलेशी तंतोतंत जुळला नाही, तर ती बगलेलाच आपल्या आकारात ओढते.

प्रश्न : ब्रेसची (फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्टीची) टोके लायनिंगमध्ये खोबणीत बसवावीत, की अलीकडेच संपवावीत?

पाठीच्या आडव्या ब्रेसची टोके मी नेहमी खोबणीत बसवतो. टोकाशी ब्रेस दोन ते अडीच मिलिमीटर उंचीपर्यंत उतरवावी, पाठ मध्यरेषेवर जुळवून काठावर ठेवावी आणि ब्रेसच्या दोन्ही बाजू धारदार सुरीने लायनिंगवर आखाव्यात. खोबण उथळ राहिली तर पाठ तिथे उचलली जाते आणि दोन्ही बाजूंना फट पडते. खोल गेली तर टोक अधांतरी राहते आणि तिथूनच ब्रेस सुटायला सुरुवात होते. दोन्हींत मला उथळ खोबण परवडते, कारण ती पाठ चिकटवण्यापूर्वीच दिसते आणि पटाशीच्या एका पापुद्र्याने दुरुस्त होते. आखलेली रेषा खाचेवर आली, तर त्या खाचेत आधी लाकडाची पातळ पाचर गोंद लावून बसवावी, ती सुकू द्यावी आणि मगच पटाशी हाती घ्यावी. नाहीतर अर्धा ठोकळा खोबणीबरोबर निघून येतो.