किंडरट्रान्सपोर्ट: स्थलांतर, सुटका की पाठवणी?

अनुवाद करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘किंडरट्रान्सपोर्ट’साठी, म्हणजे 1938-39मध्ये मुलांना नाझींच्या तडाख्यातून ब्रिटनला नेणाऱ्या मोहिमेसाठी, मराठीत ‘बालस्थलांतर’ चालेल का, की सरळ ‘मुलांची सुटका’ म्हणावं?

मला दोन्ही पटत नाहीत. नोव्हेंबर 1938मध्ये नाझींनी ज्यूंची दुकानं, घरं, प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. त्यानंतर ब्रिटनने सतरा वर्षांखालच्या मुलांना आसरा द्यायचं कबूल केलं. फक्त मुलांना, आई-वडिलांना नाही. पहिली तुकडी 2 डिसेंबर 1938ला हार्विच बंदरात उतरली. युद्धाला तोंड फुटेपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया या भागांतून सुमारे 10,000 मुलं तिकडे पोचली. त्यांतली बहुसंख्य ज्यू होती.

‘स्थलांतर’ म्हटलं की मराठी कानाला बिऱ्हाड हललेलं दिसतं. इथे बिऱ्हाड जागेवरच राहिलं, लेकरं तेवढी गेली. ‘सुटका’ हा शब्द खरा आहे, पण तो पुढचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाचा आहे. त्या दिवशी फलाटावर कोणालाच काही ठाऊक नव्हतं. आपणही मागोमाग येऊ, असं कितीतरी पालक मुलांना सांगत होते आणि स्वतः व्हिसासाठी खेटे घालत होते.

म्हणून मी ‘पाठवणी’ सुचवेन. लग्नातल्या पाठवणीचा रंग त्याला चढलेला आहे हे खरं. तरी मागे उभं राहून पाठवणारं माणूस याच शब्दात दिसतं. पोटच्या पोराला परक्या देशात, परक्या घरी धाडायचं आईबापांनी ठरवलं, आणि तो निर्णय ‘सुटका’ म्हणताना गळून पडतो. ‘बोळवण’ मात्र टाळावं. आश्वासनावर बोळवण करतात तो अर्थ आता वरचढ झाला आहे. घटनेचं नाव म्हणून ‘किंडरट्रान्सपोर्ट’ तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘मुलांची पाठवणी’ असा खुलासा जोडावा.

जपायची खरी जागा पुढे आहे. मूळ मजकुरात ‘ट्रान्सपोर्ट’ पुन्हा येईल आणि तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असेल. मुलांच्या गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी होती, तोच क्रमांक त्यांच्या सामानावर. 1941पासून प्रागमधल्या ज्यू कुटुंबांना तेरेझिन इथल्या नाझी बंदिवस्तीत नेऊ लागले, तेव्हा त्यांनाही असेच क्रमांक मिळाले. तिथून अनेकांना पुढे आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. त्या गाड्यांनाही ट्रान्सपोर्टच म्हणत. तिथे ‘पाठवणी’ हरगिज लिहू नये. ‘रवानगी’ लिहावं: तुरुंगात होते तशी, हुकमाने होणारी. नाझी कागदपत्रांतल्या ‘उमझीडलुंग’चं ‘पुनर्वसन’ करायचं झालं तर ते अवतरणचिन्हांतच ठेवावं, कारण तो शब्द खून झाकायला वापरलेला आहे.

आणखी एक, न विचारलेलं. या मुलांना सरसकट ‘अनाथ’ म्हणू नये. निघताना बहुतेकांचे पालक हयात होते. युद्ध पेटल्यावर नेहमीची टपाल बंद पडली. उरले ते रेड क्रॉसमार्फत जाणारे जेमतेम 25 शब्दांचे निरोप. 1942च्या सुमारास कित्येकांचे तेही यायचे थांबले. मुलं मात्र युद्ध संपेपर्यंत आशा धरून होती. त्यामुळे 1939च्या प्रसंगात ‘आई-वडिलांविना आलेली मुलं’ असं लिहा. ‘अनाथ’ हा शब्द 1945नंतर, ज्यांच्या चौकशीला पालक गेल्याचं उत्तर आलं त्यांच्यासाठी राखून ठेवा.