हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओ संच चालवणाऱ्यांची, गाडी नकाशावर आपोआप कशी दिसते? मोबाईलवर लाईव्ह लोकेशन असताना याची गरज काय?

इथे कुणी कुणाचा माग काढत नसतं. गाडीतला रेडिओ संच स्वतःच मधूनमधून 'मी अमुक, मी इथे आहे' असं हवेत सांगून मोकळा होतो. ज्याला ऐकू जाईल त्याने ऐकावं, पोचपावती नाही. या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली.

जीपीएसने दिलेलं ठिकाण १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत बदलून पाठवलं जातं. ऐकताना जेमतेम सेकंदभराची खरखर वाटते. भारतात आणि युरोपात यासाठी १४४.८०० मेगाहर्ट्झ वापरतात, अमेरिकेत १४४.३९०. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे दर पाच सेकंदांनी बडबडणारा माणूस सगळ्यांच्या डोक्याला ताप. शहाणे ट्रॅकर गाडी वळली की लगेच पाठवतात आणि सिग्नलला थांबली की गप्प बसतात.

डोंगरावरचा डिजिपीटर तो संदेश ऐकून पुन्हा प्रसारित करतो. इंटरनेटला जोडलेलं एखादं केंद्र, म्हणजे आयगेट, तो उचलून जगभरच्या सर्व्हरवर टाकतं. तुम्ही बघितलेला नकाशा तिथून येतो. म्हणून नकाशावर गाडी दोन तास एकाच जागी दिसली तर ती तिथेच उभी आहे असं समजू नका. तिचं शेवटचं बोलणं तिथून कुणाच्या तरी कानावर पडलं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे अशी केंद्रं युरोपच्या मानाने फारच विरळ आहेत.

कच्चा संदेश वाचायला लागलात तर एक खुबी माहीत असू द्या. पुण्यातल्या गाडीचा अक्षांश '१८३१.२०' असा येतो. हे १८ अंश ३१.२० मिनिटं, म्हणजे दशांशात १८.५२. घाईत १८.३१२० वाचलंत की गाडी थेट २३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते! नेमकं घर कळू द्यायचं नसेल तर शेवटचे आकडे कोरे सोडायची सोय याच रचनेत आहे. ती वापराच, कारण हॅमच्या संदेशांना कुलूप घालायला, म्हणजे ते सांकेतिक करून लपवायला, परवानगी नाही. कॉलसाइनसकट, म्हणजे हॅमच्या परवान्यावरच्या ओळखचिन्हासकट, सगळं उघड्यावर असतं.

आता मोबाईलचं. पुण्याहून माणगावला पोचलो हे घरच्यांना कळवायचं असेल तर मोबाईलच बरा, उगाच वाद घालत नाही. पण ताम्हिणीत रेंज गेली की लाईव्ह लोकेशन संपलं. तिथे पुढे-मागे चाललेल्या दोन गाड्यांतले संच मधे टॉवर नसतानाही एकमेकांना ऐकतात आणि 'तो तुझ्यापासून इतके किलोमीटर, अमुक दिशेला' असं पडद्यावर दाखवतात. मधे डोंगराची सोंड आली तर तेही बंद, व्हीएचएफचा, म्हणजे या पट्ट्यातल्या रेडिओलहरींचा, तो स्वभावच आहे. तरी माझ्या मते खरा उपयोग हाच: आसपास आत्ता कोण आहे हे कळणं. एपीआरएस म्हणजे निव्वळ गाड्या शोधायचं साधन नव्हे, हे ब्रुनिंगाही वारंवार सांगत.

नुसतं ऐकून बघायचं असेल तर संगणकाला लावायचा एक आरटीएल-एसडीआर डोंगल (छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि त्या सुरांतून संदेश वाचणारं डायरवुल्फ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. गावात १४४.८०० वर सामसूम असेल तर १४५.८२५ लावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर चालू असेल तेव्हा याच फ्रिक्वेन्सीवर असतो. स्थानक डोक्यावरून जाताना फार तर दहा मिनिटं मिळतात, पण तेवढ्यात शेकडो किलोमीटरवरची कॉलसाइन्स पडद्यावर येऊ शकतात. गच्चीवरून बघा, खोलीतून नको. स्वतः पाठवायचं असेल तर मात्र दूरसंचार विभागाची एएसओसी ही हॅमसाठीची परीक्षा देऊन परवाना काढावा लागेल.