लॅटिनो वडिलांसाठी स्वतंत्र काम कशासाठी?

पालकत्वाचे वर्ग सर्वांना खुले असताना अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, वडिलांसाठी संस्कृतीवर आधारलेले वेगळे काम कशाला हवे, असे आपण विचारले आहे. केवळ स्पॅनिशमध्ये शिकवून हा प्रश्न सुटत नाही, कारण अनेक वर्गांत येणारा बाप सदोषच आहे, असे आधीच गृहीत धरलेले असते आणि त्याला ते पहिल्याच दिवशी जाणवते.

1988 पासून कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या नॅशनल कॉम्पाद्रेस नेटवर्क या संस्थेने, जिच्या संस्थापकांत जेरी टेल्लो आहेत, नेमकी उलट सुरुवात केली. संस्कृतीतच बरे करण्याची शक्ती असते, हे त्यांचे सूत्र आहे. मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे त्याचे वडील आणि धर्मपिता (गॉडफादर) एकमेकांचे कॉम्पाद्रे होतात आणि पुढे अडीअडचणीत एकमेकांच्या घरासाठी उभे राहतात. गोव्यातील कॅथलिक वाचकांना धर्मपित्याचे स्थान परिचित आहेच. हे नाते कामाचा पाया झाल्यामुळे पुरुषांच्या मंडळात कोणी तज्ज्ञ आणि कोणी रुग्ण राहत नाही. सारे गोलाकार बसतात, ज्येष्ठांचा मान राखला जातो, एक जण बोलत असताना इतर ऐकतात, आणि दिलेला शब्द पाळणे हीच पुरुषाची खरी ओळख मानली जाते. ज्याने स्वतःच्या वडिलांशी कधी मोकळेपणाने संवाद केलेला नाही, त्याला दुसऱ्या बापाच्या तोंडून आपलेच दुःख ऐकायला मिळणे, हे मला या कामाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते.

त्या दुःखामागे इतिहासही आहे. 1942 ते 1964 या काळातील ब्रासेरो योजनेत मेक्सिकन पुरुषांना शेतमजुरीच्या करारावर अमेरिकेत एकटेच नेले जाई आणि कुटुंबे मागे राहत. आज हद्दपारीमुळे तीच ताटातूट नव्याने घडते. म्हणून बापाच्या गैरहजेरीचे सारे खापर त्याच्या स्वभावावर फोडणे अन्यायाचे आहे.

मात्र संस्कृतीच्या नावाखाली घरातील मारहाण झाकली जाईल, ही आपली शंका रास्त आहे. या परंपरेत हिंसा हा वारसा नसून वसाहतकाळापासून साचत आलेल्या जखमांचा परिणाम मानला जातो आणि तिची जबाबदारी पुरुषाने स्वतः घ्यावी, अशी अपेक्षा असते. तरीही जिथे पत्नी किंवा मुले धोक्यात आहेत, तिथे त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था आधी झाली पाहिजे. आपली संस्था असे मंडळ सुरू करणार असेल, तर प्रशिक्षकाच्या आधी त्या वस्तीतील दोन-तीन विश्वासू ज्येष्ठ शोधावेत.