फोन व्हायब्रेट होत नसेल तर आधी हे तपासा

स्क्रूड्रायव्हर लगेच हातात घेऊ नका. बॅटरी सेव्हर सुरू असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हायब्रेशन आपोआप बंद होतं, म्हणून आधी तो बंद करून बघा. आयफोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या ‘टच’मध्ये व्हायब्रेशनचं एक मुख्य बटण असतं, ते बंद असेल तर बाकी काहीही करा, फोन गप्पच राहतो. सॅमसंगच्या बहुतेक मॉडेलमध्ये डायलरवर *#०*# टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो. तिथे फोन थरथरवणारी छोटी मोटर फिरली तर दोष सेटिंगमध्ये किंवा एखाद्या अ‍ॅपमध्ये आहे, फोन उघडायची गरजच नाही.

तिथेही शांतता असेल तरच उघडा. फोन बंद करा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, हे अजिबात विसरू नका. मोटरचे स्प्रिंगसारखे दोन बारीक संपर्क नीट बघा: हिरवट-पांढरा थर दिसला तर पाणी गेलंय. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. संपर्क दबला असेल तर चिमट्याने अगदी हलकेच वर घ्या, जोर लावला की तो तुटतोच.

मग मल्टिमीटर (विद्युत मोजमापाचं यंत्र) ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या खुणेवर ठेवा. गोल नाण्यासारख्या मोटरचा रोध साधारण दोन आकडी ओहममध्ये येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर मोटर गेली. नाण्यासारख्या मोटरला क्षणभर ३ व्होल्ट देऊन बघता येतं. पण आयताकृती लिनियर मोटर एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहावर) चालते, तिला थेट डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) देऊन निष्कर्ष काढू नका.