जालन्याकडे पॉलिहाऊसमध्ये भाजीपाला करायचाय, गुंतवणूकदार कसा मिळवायचा?

गुंतवणूकदार शोधण्याआधी पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. मराठवाड्यात पैसेवाला पहिला प्रश्न विचारतो तो "मे महिन्यात पाणी कुठून?" अस्तरीकरण केलेलं शेततळं, त्यात किती लिटर मावतं, ठिबकला रोज किती लागतं, बाष्पीभवनात किती उडतं, हे आकडे तयार असतील तर पुढचं बोलणं सोपं होतं.

बाहेरच्या माणसाला जमीन विकून भागीदार करायचा विचार असेल तर सोडा. शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. मराठवाड्यात यासाठी १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. त्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनी (शेतकरीच सभासद असलेली कंपनी) काढा आणि पैसे शक्यतो कर्जातून उभे करा. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते, जास्तीत जास्त ७ वर्षं. फलोत्पादन अभियानाचं अनुदान सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाच्या ५० टक्के असतं, पण ते बहुतेक वेळा काम झाल्यावर येतं. तोवरचा खर्च कोण उचलणार, हे आधीच ठरवा.

आणि थेट पॉलिहाऊसच का? आपल्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या आच्छादनाखाली आत भट्टी होते, रंगीत ढोबळी मिरचीची फुलं गळतात. शेडनेटचा, म्हणजे सावलीच्या जाळीचा, खर्च बराच कमी. जालना तर बियाण्यांचं गाव. शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन कंपन्या करारावर करून घेतात. असा लेखी करार हातात असला की बँक मॅनेजरचा सूरच बदलतो. मात्र कंपनीच्या तपासणीत बियाणं नापास झालं तर काय, ते कलम नीट वाचून मगच सही करा.